कागदावरची एक पोळी

"बावन्न किलो... सातशे!"

रंजिता अशी दचकली, की काट्यावरून पडायचीच बाकी राहिली. ब्राह्मणपुरीच्या ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये अजून एकही पेशंट आला नव्हता. फरशी सपाट आहे की नाही हे बघायला ती स्वतःच काट्यावर चढली होती, आणि पाठीमागून कुणीतरी तिचं वजन मिरचीच्या लिलावात बोली द्यावी तसं ठणकावून सांगितलं होतं.

ती वळली. दारात एक धिप्पाड तरुण उभा होता. एका हातात दवाखान्याची फाइल, दुसऱ्या हातात भलीमोठी पपई, आणि चेहऱ्यावर चूक कळल्यावरचं हसू.

"बाईमाणसाचं वजन असं ओरडून सांगतात?"

"सॉरी मॅडम... सवय आहे. शेतातल्या काट्यावर पपई तोलताना मोठ्यानंच सांगावं लागतं. व्यापाऱ्याला हळू सांगितलेलं ऐकू येत नाही."

"असं? मग आता तुम्ही चढा."

तो चढला. काटा थरथरला आणि थांबला. रंजितानं मान वर केली, घसा साफ केला आणि बाहेरच्या कडुलिंबाच्या झाडापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एकशे एक!"

"शुभ आकडा आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "आहेर द्यायला बरा."

हसायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पण ठरवलेलं सगळंच कुठं होतं!

त्याचं नाव भूपेंद्र. तीस वर्षांचा, पपई आणि केळीची शेती करणारा. तो आला होता स्वतःसाठी नाही, आईसाठी. मागून लंगडत आलेल्या बेबीबाईंनी खुर्चीवर बसून पाय पुढे केला, तेव्हा रंजिताचं हसू मावळलं. उजव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती. साखर उपाशीपोटी दोनशे नव्वद. जखम दोन महिने भरत नव्हती. शहाद्याच्या ज्या दवाखान्यानं हे शिबिर भरवलं होतं, तिथल्याच सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं, की आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, साखर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल.

रंजिता त्या दवाखान्याची आहारतज्ज्ञ. मिरजेची मुलगी, नोकरीला लागून पंधरा दिवस झालेले. दर गुरुवारी ब्राह्मणपुरीत यायचं, वजनं-साखर तपासायची, कुणी काय खावं ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. बेबीबाईंचं कामही तिला लगेच कळलं. पंचक्रोशीत कुणाकडे लग्न असलं, की खापरावरचे पुरणाचे मांडे करायला बेबीबाईच लागत.

"माय, तू माले खावानं सोडाले लावशी," बेबीबाई म्हणाल्या, "तं लोक म्हनतीन, हाई बाईले सोताना हातना मांडा बी चालत नई. मंग माले कोन बलाई?"

शब्द नवे होते, पण पुढं मांडे करायला कुणी बोलावणार नाही ही भीती रंजिताला कळली. तिच्या कॉलेजातल्या मॅडम सांगायच्या, की आहाराचा जो तक्ता सण मोडतो तो तक्ता महिनाभरसुद्धा टिकत नाही. तिनं लिहायला घेतलं. सकाळी मोड आलेली मटकी. दुपारी ज्वारीची भाकरी एक, मेथी किंवा पोकळ्याची भाजी, वरण एक वाटी. साखरेचा चहा बंद, गोळ्या वेळेवर. आणि सगळ्यात खाली, ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'सणावारी, लग्नकार्यात पुरणपोळी — एक. फक्त एक.'

बेबीबाईंनी मुलाकडून तो कागद दोनदा वाचून घेतला. "एक चाली? खरंच चाली?"

"एक चालेल मावशी. दुसरी नाही."

"नई बा. दुसरी कसाले!"

"मग मलाही हाच तक्ता द्या," भूपेंद्र म्हणाला. "आई एकटी काढा प्यायल्यासारखं तोंड करून जेवणार आणि मी समोर शेवभाजी ओरपणार, हे बरं दिसत नाही. ती खाईल तेच मी खाईन."

"नव्याचे नऊ दिवस," रंजिता म्हणाली.

"दहाव्या दिवशी फोटो पाठवतो," तो म्हणाला, आणि जाताना पपई टेबलावर ठेवून गेला.

"पेशंटकडून भेटवस्तू घेता येत नाही!"

"भेट कुठंय? तपासायला आणलीय. गोड आहे का सांगा..."

त्यानं दहाव्याच काय, रोजच फोटो पाठवले. दुपारी साडेबाराला मोबाइल वाजायचा. ताटात एक भाकरी, भाजी, वरण. खाली कधी लिहिलेलं असायचं, 'भाकरी हजर.' कधी, 'आज गावात भजी तळली. मी नाक धरून निघालो.' रंजिता उत्तर देताना नियमाप्रमाणे फक्त 'छान' लिहायची. मग पुसायची. मग 'छान. पाणी प्यायलात का?' असं लिहायची. पाण्याची चौकशी करणं हा कामाचाच भाग होता, नाही का?

गुरुवारी तो काट्यावर चढला की ती मोठ्यानं आकडा वाचायची. नव्याण्णव. सत्त्याण्णव. पंच्याण्णव. पहाटे उसाच्या बांधावरून तो चार किलोमीटर चालत होता.

"आणखी दोन किलो गेले," तो एकदा म्हणाला. "तुम्हाला दिसतील तिथं टाकून आलोय. गोमाई नदीच्या पुलावर."

"वाटेत कुणाला अडखळायला नकोत," ती म्हणाली. आणि तो हसताना त्याच्या डाव्या गालावर जी खळी उमटली ती तिनं पाहिली... आणि पाहिली हे त्यानंही पाहिलं. पुढच्या पेशंटचं वजन तिनं दोनदा चुकीचं लिहिलं.

पण बेबीबाईंची साखर? ती दोनशे तीसवर आली आणि तिथंच ठाण मांडून बसली. एक आठवडा, दोन आठवडे, तीन आठवडे. जखम कोरडी व्हायची आणि लग्नाचं काम करून आलं की पुन्हा ओली. होळी झाली. आखाजीला सहा आठवडे उरले. रंजिता रोज त्या फोटोंकडे बघायची. सगळं तर बरोबर होतं! मग चुकतंय कुठं?

जिथं कारण सापडत नाही तिथं माणूस दुसऱ्यावर संशय घेतो. सातव्या गुरुवारी, हॉल बायकांनी भरलेला असताना, तिच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, खरं सांगा... चोरून काही खाताय का?"

रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या. बेबीबाईंनी पदर सावरला. आवाज चढवला नाही, तेच रंजिताला जास्त लागलं.

"मन्हं सारं आयुष्य लोकेसनी चूलजोडे गयं, पोरी. आजलोंग कोन्हा घरनी चिमूटभर साखर बी मी इचारेबिगर तोंडमा टाकेल नई. तुन्हा कागदवर जे लिखेल शे, तेच खास मी."

त्या लंगडत निघून गेल्या. भूपेंद्र मागे थांबला. त्याची खळी त्या दिवशी कुठंच नव्हती.

"आई खोटं बोलत नाही, मॅडम. रविवारी शेजारच्या गावात जालमसिंग गिरासेंकडे लग्न आहे. आई मांडे करणार आहे. तुम्ही या. दिवसभर तिच्याजवळ बसा, आणि डोळ्यांनी बघा."

"मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"पण म्हणालात," तो म्हणाला, आणि गेला. त्या दुपारी साडेबाराला मोबाइल वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. 'छान' लिहायला काहीच नसलं की किती रिकामं वाटतं, हे रंजिताला त्या दोन दिवसांत समजलं.

रविवारी ती गेली. आपण चुकलो असू तर माफी मागायची आणि बरोबर असू तर ठाम राहायचं, असा पक्का निश्चय करूनच ती बसमधून उतरली.

मांडवामागे तीन दगडांची मोठी चूल पेटली होती. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं, चांगलं रुंद, धगीनं लालसर झालेलं. बेबीबाईंनी तिला बघितलं, मानेनंच बसायची खूण केली आणि कणकेचा गोळा उचलला. त्यात पुरण भरलं. लाटणं नाही, पोळपाट नाही. गोळा या हातावरून त्या हातावर जाऊ लागला. मग मनगटावर, मग कोपरापर्यंत. तो वाढत गेला, पातळ होत गेला, त्याच्या आरपार चुलीचा उजेड दिसू लागला. आणि एका झटक्यात तो खापरावर पडला, तेव्हा खापर पूर्ण झाकलं गेलं.

रंजिता बघतच राहिली. इतकं सुंदर काम तिनं कधी पाहिलं नव्हतं. दीडशे मांडे झाले. बेबीबाईंनी मधे कशालाही तोंड लावलं नाही. शेवटी हात धुऊन त्यांनी एक मांडा घेतला, चार घड्या घालून ताटात ठेवला, वर बिनसाखरेचं दूध ओतलं, आणि रंजिताकडे बघून स्वच्छ अभिमानानं म्हणाल्या, "देख. एकच. तुन्हा कागदवर लिखेल शे ना?"

रंजिता ताटावर वाकली.

"भूपेंद्र..." ती कशीबशी म्हणाली. "ही... ही एक पोळी आहे?"

"एकच तर आहे."

"माझ्या आईच्या अशा पाच होतील यात!"

"पाच?" तो थक्क झाला. "तुमची आई काय भातुकलीचा स्वयंपाक करते?"

त्यानं जन्मात वेगळी पुरणपोळी पाहिली नव्हती आणि तिनं ही पाहिली नव्हती. लग्नसराईत आठवड्याला दोन लग्नं, दर लग्नाला एक मांडा, कागदाप्रमाणे, अगदी प्रामाणिकपणे. आणि रोजची ती एक भाकरी? तिनं मोबाइल काढून जुने फोटो पुन्हा बघितले. ताट भरलेलं दिसायचं, कारण भाकरीच ताटाएवढी होती. ताट केवढं आहे, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं.

आता गप्प बसणं सोपं होतं. साहेबीण चुकली असं कळलं, तर गावातल्या चाळीस बायका उद्या तक्ते चुलीत घालतील. पण अंगठा बेबीबाईंचा जाणार होता, तिचा नव्हे. रंजिता चुलीशेजारी मातीतच बसली.

"मावशी, चूक माझी आहे. तुम्ही तेच खाल्लंत जे मी लिहिलं. मी न बघता लिहिलं, आणि वरून तुमच्यावर चोरीचा आळ घेतला. मला माफ करा."

बेबीबाईंनी हातातला घास तसाच ताटात ठेवला.

"म्हनजे हाई बी बंद," त्या म्हणाल्या. "खोडी टाक मंग ती ओळ."

त्यांनी कमरेला खोचलेला तक्त्याचा कागद पुढे केला. रंजितानं पेन काढलं. तेवढ्यात भूपेंद्रचा हात कागदावर आला. त्याच्या बोटांचा तिच्या बोटांना निसटता स्पर्श झाला... आणि दोघांनीही हात जरा उशिराच मागे घेतले.

"खोडू नका," तो म्हणाला. "आखाजीपर्यंत ती ओळ तशीच राहू द्या."

"पण का?"

"विश्वास ठेवा. मीही ठेवला होता ना तुमच्यावर?"

बेबीबाईंनी ताट बाजूला सारलं. "मंग आखाजीलोंग मी एक बी खावाव नई. मांडा करसू, पन खावाव नई." त्या बाईनं हे इतक्या शांतपणे म्हटलं, की रंजिताला रडू यायचं राहून गेलं आणि कंबर कसावीशी वाटली.

आणि तिनं कसलीच. रोज दवाखान्यातून सुटल्यावर ती शेवटच्या बसनं परतण्याआधी ब्राह्मणपुरीची दोन-चार घरं गाठायची. पिशवीत स्वयंपाकघरातला छोटा काटा असायचा. नानीबाईंची एक भाकरी तोललेली, सोमीबाईंची वाटी मोजलेली. घरोघरी मातीच्या चुली खऱ्या, पण प्रत्येक चुलीवरची भाकरी वेगळी निघत होती. शेवटी तिनं ग्रॅमची भाषाच सोडली. गुरुवारच्या हॉलमध्ये ती उभी राहिली, आपली चूक चाळीस बायकांना तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितली आणि म्हणाली, "आता माझं माप नको, तुमचंच घ्या. बोटं पसरून पंजा ठेवा. भाकरी तेवढी. दोन घास भूक राहिली तर भाजी खा, वरण खा. पोळी, भाकरी मात्र पंजाएवढीच."

एकाही बाईनं तक्ता चुलीत घातला नाही. उलट नानीबाई म्हणाल्या, "चुकनं ते सांगस, हाई डाक्टरीन खरी शे."

त्या दिवशी सगळ्या गेल्यावर भूपेंद्र टेबलापाशी आला आणि आपला पंजा कागदावर पसरून ठेवला.

"माझं माप राहिलं."

रंजितानं पेन्सिल घेतली. पंजाभोवती रेघ ओढायला लागली. अंगठा, मधली खाच, तर्जनी... करंगळी.

"रेघ वाकडी येतेय," तो हळूच म्हणाला.

"हात हलवू नका."

"मी नाही हलवत..."

तिनं मान वर केली नाही. केली असती तर काय झालं असतं, हे तिला ठाऊक होतं. "तुमचे फोटो बंद झाले," ती कागदाकडे बघत म्हणाली. "मला... करमत नाही."

"आईवर आळ आला म्हणून रागावलो होतो. तुम्ही सगळ्यांसमोर माफी मागितलीत, राग तिथंच संपला." तो थांबला. "मग पाठवायला लाज वाटायला लागली. ताटाचा फोटो काढतो आणि मनात भलतंच लिहितो."

"काय?"

"आखाजीला सांगतो," म्हणून तो पळालाच.

आखाजीचा दिवस उजाडला. गावातल्या साऱ्या कडुलिंबांना झोके बांधलेले, माहेरी आलेल्या मुली गाणी म्हणत उंच जात होत्या, घराघरातून आंब्याच्या रसाचा वास येत होता. रंजिता भूपेंद्रच्या अंगणात पोचली, तर चुलीवर मोठं खापर नव्हतंच. जेवायच्या थाळीहूनही लहान, नवं कोरं, इवलंसं खापर पालथं घातलं होतं. आणि बेबीबाई कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे रागानं बघत होत्या.

"हाई खापर शे का पनती? भूपा, तुन्हं डोकं जागावर शे ना?"

"शहाद्याच्या दगा कुंभाराकडून घडवून घेतलंय," भूपेंद्र रंजिताला सांगत होता. "पहिली तीन तडकली. इतकं लहान खापर मी आयुष्यात केलं नाही म्हणाला. पण तुम्ही लिहिलं होतं ना, एक पोळी चालेल? ओळ बरोबरच होती, खापर मोठं होतं. ओळ खोडण्यापेक्षा मी खापर लहान केलं."

पाच आठवडे हा माणूस गप्प राहून तिचा शब्द खरा करत होता.

बेबीबाईंनी लिंबाएवढा गोळा घेतला. चाळीस वर्षांची हाताची सवय, जित्याची खोड! पहिला गोळा कोपरापर्यंत गेला आणि फाटला. दुसरा फाटला. तिसरा खापराबाहेर लोंबला. अंगणातल्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. बेबीबाईंनी चौथा गोळा उचलला, ओठ घट्ट मिटले, आणि हात मनगटाच्या पुढे जाऊच दिले नाहीत. पोळी खापरावर पडली. गोल, पातळ, जाळीदार, बरोबर पंजाएवढी.

त्यांनी ती ताटात घेतली, वर चमचाभर रस घातला आणि पहिला घास तोंडात टाकला. डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं.

"तीच चव शे," त्या म्हणाल्या. "मन्हीच शे."

पोळी संपली. दुसरी त्यांनी मागितली नाही.

पाच दिवसांनी, शहाद्याच्या दवाखान्यात, रिपोर्ट आला. एकशे अडतीस. सर्जननी पट्टी सोडली, कोरडी जखम दोनदा दाबून पाहिली आणि म्हणाले, "अंगठा राहतोय, बेबीबाई. पण गोळ्या आणि तक्ता सोडायचा नाही." बेबीबाईंनी आधी देवाला आणि मग रंजिताला हात जोडले. रंजितानं त्यांचे हात धरले आणि व्हरांड्यातच त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून मनसोक्त रडून घेतलं.

डोळे पुसून ती वळली, तर समोर भूपेंद्र. हातात उसाच्या वाळक्या पाचटात गुंडाळलेलं काहीतरी. आणि त्या एकशे एक किलोतले आता अठ्ठ्याऐंशीच उरलेले.

"दगाकडून दोन घडवून घेतली होती," तो म्हणाला.

"एक फुटलं तर असावं म्हणून?"

"नाही. एक आईचं... आणि दुसरं तुमचं. तुम्ही जिथं राहाल तिथं. मिरजेला नेलंत तरी..." तो पाचट सारखं करू लागला. "फक्त आई म्हणते, बसच्या धक्क्यांत खापर टिकत नाही."

"आणि मनात भलतंच लिहिता ते काय? आखाजी होऊन पाच दिवस झाले."

इतके दिवस तिच्याशी शाळेतलं मराठी बोलणारा तो मोठा माणूस एकदम घरच्या बोलीवर आला. "तू माले भलती आवडस, रंजिता. मन्हा घरमा येशी का?"

रंजितानं पाचट बाजूला केलं. नवं खापर उन्हानं कोमट झालं होतं. गेल्या तीन महिन्यांत चाळीस चुलींजवळ बसून ती जे शिकली होती, ते तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं बोलून पाहिलं.

"मंग... मिरजले कसाले? आठेच ऱ्हाऊ दे. दोन्ही खापरं. आनि मी बी."

डाव्या गालावरची खळी परत आली. त्यानं आपला पंजा पसरून पुढे केला. तिनं त्यावर आपला ठेवला. तिची बोटं त्याच्या बोटांच्या वरच्या पेरापर्यंतच पोचत होती.

बाकावरून बेबीबाईंनी दोघांकडे नीट बघून घेतलं.

"भूपा," त्या म्हणाल्या, "तुन्हा पंजा मोठा, तं तुन्ही पोळी मोठी व्हई. पहिली तिले वाढजो."